एनबीए मानांकन : शिक्का बघून कॉलेज निवडायचं का?

मिरजवाला
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचक. धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेकीचा इंजिनिअरिंगच्या कॅपचा (सामायिक प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म भरायचाय. सीईटीला ८८ पर्सेंटाइल. सांगलीच्या वालचंदचा आणि कराडच्या शासकीयचा विषय तिनंच मागच्या वर्षीच्या याद्या बघून मिटवला. आता जवळपासच्या खाजगी कॉलेजांपैकी दोघांवर गाडी अडलीय. एक घरापासून ३५ किलोमीटर, इमारत जुनी, पण तिथल्या इलेक्ट्रिकलला एनबीए आहे. दुसरं रिक्षाच्या अंतरावर, काचेची बिल्डिंग, एआय-डेटा सायन्सची ब्रँच दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली, तिला एनबीए नाही.

क्लासवाले सर म्हणतात, "एनबीए असलेलंच घ्या." मेव्हणा म्हणतो, "दाजी, सगळी सेटिंग असते, चार दिवस पडदे धुतात आणि शिक्का मिळवतात." माझं मिरजेत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, शिक्षण आयटीआय. मला यातलं काही कळत नाही. हा शिक्का नेमका कोण देतं, कशाबद्दल देतं, आणि माझ्या पोरीला त्याचा काय उपयोग? जाणकारांनी सांगावं. फॉर्मला चार दिवस आहेत.

खणआळी
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडं पुढच्या वर्षी हाच घोळ आहे.

चौथा_बाक
मेव्हण्याला माझ्याकडून भडंगाचं पाकीट द्या. बरोब्बर बोलला.

आमच्या कॉलेजात एनबीएची तपासणी कमिटी यायच्या आधी महिनाभर लेक्चर बंद होती म्हटलं तरी चालेल. आम्हाला व्हिजन-मिशन, म्हणजे कॉलेजचं ध्येयवाक्य, पाठ करायला लावलं होतं. आमच्यातला एक डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. कमिटीच्या सरांनी नेमकं त्यालाच उभं केलं आणि त्यानं धडाधडा आधीच्या पॉलिटेक्निकचं व्हिजन म्हणून दाखवलं. सर म्हणाले, "व्हेरी गुड." आता बोला.

हळदीघाट
@चौथा_बाक 😂😂 आमच्याकडं मेसला तीन दिवस पनीर होतं. कमिटीनं दर सेमिस्टरला यावं असा ठराव पोरांनी केला होता.

निवृत्त_मास्तर
धागाकर्त्यांनी प्रश्न चांगला विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी ३१ वर्षं मेकॅनिकलला शिकवलं, दोनदा या प्रक्रियेतून गेलो.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा, कारण जाहिरातीत त्यांची भेळ केलेली असते. एआयसीटीई, म्हणजे तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद, तिची मान्यता म्हणजे कॉलेज चालवायची परवानगी. विद्यापीठाची संलग्नता म्हणजे पदवी कोण देणार, परीक्षा कोण घेणार. यांतली एक जरी नसेल तर तिथं पाऊलसुद्धा टाकू नका. एनबीएचं मानांकन ही तिसरी गोष्ट, आणि ती ऐच्छिक आहे. नसलं म्हणून पदवी खोटी ठरत नाही.

एनबीए म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशन. एआयसीटीईनंच १९९४ साली स्थापन केलं, २०१० पासून ते स्वायत्त झालं. त्यामागचा विचार साधा होता : परवानगी देणारा आणि गुणवत्ता तपासणारा एकच माणूस नको. त्याच १९९४ साली यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, नॅक काढलं. नॅक सगळी संस्था तपासतं, एनबीए एकेक अभ्यासक्रम तपासतं. म्हणजे एकाच कॉलेजात मेकॅनिकलला मानांकन असेल, सिव्हिलला नसेल. "एनबीए मानांकित महाविद्यालय" असा फ्लेक्स दिसला तर पहिला प्रश्न विचारा : कुठली ब्रँच आणि कुठपर्यंत? मुदत संपलेला शिक्का वर्षानुवर्षं फ्लेक्सवर मिरवणारे कमी नाहीत. एनबीएच्या संकेतस्थळावर कॉलेजवार, ब्रँचवार यादी आणि मुदतीची तारीख असते. दहा मिनिटांचं काम आहे.

मुलीच्या बाबतीत आणखी एक. मानांकनासाठी अर्ज करायचा तर त्या ब्रँचच्या किमान दोन तुकड्या पास होऊन बाहेर पडलेल्या असाव्या लागतात. तुमच्या त्या काचेच्या बिल्डिंगमधली ब्रँच दोन वर्षांची. तिला मानांकन मिळणं आज शक्यच नाही. म्हणजे "नाही" याचा अर्थ "नापास" असा नाही, "अजून परीक्षेलाच बसलेली नाही" असा आहे. हा फरक लक्षात ठेवा.

मिरजवाला
मास्तर, हे कोणीच सांगितलं नव्हतं. मी नापासच समजत होतो. आभारी आहे.

यवतेश्वर
मास्तर, प्रतिसाद आवडला, पण एक खोचक प्रश्न. वालचंद १९४७ चं, कराडचं शासकीय १९६० चं. एनबीए १९९४ चं. मधल्या काळात जे इंजिनिअर झाले त्यांनी बांधलेलं कोयना धरण अजून उभं आहे. मग शिक्का नव्हता तेव्हा गुणवत्ता कशी होती?

निवृत्त_मास्तर
@यवतेश्वर, खोचक कसला, मुद्द्याचा आहे. तेव्हा कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी होती. १९८३ मध्ये वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटलं. आपल्या भागातलीच बघा : साखराळ्याचं राजारामबापू, बुधगावचं वसंतदादांच्या नावाचं, साताऱ्यात रयतचं कर्मवीर, सगळी त्या लाटेतली. शेतकऱ्याचं पोर इंजिनिअर झालं ते त्या निर्णयामुळं, आणि ज्या कॉलेजात मास्तर नाहीत ते कॉलेजही त्याच निर्णयामुळं. दोन्ही खरं आहे. दहा दुकानं असताना दुकानदाराची तोंडओळख पुरते. तीनशे झाली की वजनमापवाला लागतो.

चौथा_बाक
वजनमापवाला कधी येणार ते दुकानदाराला आधीच माहीत असतं, ही अडचण आहे मास्तर.

रात्रपाळी
मी सध्या एका खाजगी कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे. नाव आणि गाव विचारू नका. ही रात्रपाळी कारखान्यातली नाही, एसएआरची आहे. सेल्फ असेसमेंट रिपोर्ट, म्हणजे एनबीएसाठी आम्हीच आमच्याबद्दल लिहायचा अहवाल. हा प्रतिसाद लिहितेय तेव्हा साडेबारा वाजलेत आणि समोर एक्सेल उघडी आहे.

लोकांना वाटतं आम्ही फक्त पडदे धुतो. पडद्यांचं सोडा हो. प्रत्येक विषयाचे पाच-सहा कोर्स आउटकम, म्हणजे तो विषय शिकून पोराला काय यायला हवं ते. ते अख्ख्या पदवीच्या प्रोग्रॅम आउटकमशी जुळवायचे, १, २, ३ असे आकडे देऊन. मग प्रत्येक पेपरातला प्रत्येक प्रश्न कुठल्या आउटकमचा, कुठल्या पोरानं त्यात किती मिळवले, त्यावरून अटेनमेंट, म्हणजे ते आउटकम कितपत साधलं त्याचा आकडा. हे तीन वर्षांचं, मागच्या तारखेनं. ज्या वर्षी मी इथं नव्हतेच त्या वर्षीचंसुद्धा! आधीचे सर पगार थकला म्हणून सोडून गेले, त्यांच्या विषयाच्या "कंटिन्युअस इम्प्रूव्हमेंट"च्या मीटिंगचं मिनिट्स मी लिहितेय. सही कोण करणार ते उद्या ठरेल.

प्रोग्रॅम आउटकममध्ये एक आहे "एथिक्स". त्याच्या रकान्यात मी आत्ताच ३ टाकला.

खणआळी
शेवटची ओळ वाचून हसावं की रडावं कळेना.

हळदीघाट
ताई, झोपा आता. सकाळी प्रॅक्टिकल असेल.

रात्रपाळी
@हळदीघाट, सकाळचं प्रॅक्टिकल रद्द आहे. कोर्स फाइल तपासणी आहे.

कुपवाडचा_लेथ
इथं सगळे कॉलेजवाले दिसतात, एका कारखानदाराचं ऐका. कुपवाड एमआयडीसीत माझं मशिनिंगचं युनिट आहे, ३८ माणसं. दरवर्षी दोन-तीन पोरं घेतो. आजवर एकालाही विचारलं नाही की बाबा रे, तुझ्या ब्रँचला एनबीए होतं का. हातात व्हर्निअर देतो, ड्रॉइंग देतो, समोर जॉब ठेवतो. निम्मे तिथंच गळतात, शिक्केवाले आणि बिनशिक्केवाले सारखेच. तेव्हा नोकरीसाठी म्हणाल तर उपयोग शून्य.

पण याच्या उलटही एक सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्हाला आयएसओ ९००१ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र घ्यावं लागलं, मोठ्या गिऱ्हाईकानं अट घातली म्हणून. मी पण तुमच्या मेव्हण्यासारखाच बोलायचो. ऑडिटच्या आदल्या रात्री रजिस्टर भरायचो, पेनं बदलून बदलून. पण एक गोष्ट चुकवता आली नाही. प्रत्येक गेजवर कॅलिब्रेशनचं लेबल, तारखेसकट. ते काम बाहेरच्या लॅबचं असल्यामुळं खोटं लिहिता येईना. पहिल्यांदा सगळे मायक्रोमीटर पाठवले, त्यातले चार चुकीचं माप दाखवत होते. चार! आणि मी रिजेक्शनसाठी ऑपरेटरला शिव्या घालत होतो.

तर माझं मत : ज्या गोष्टीचा पुरावा बाहेरच्या माणसाच्या हातात असतो तेवढीच खरी होते. बाकीचं रजिस्टर.

गावभाग
@कुपवाडचा_लेथ यांना जोरदार अनुमोदन. आम्ही सांगलीकर याला आयर्विन पुलाची, म्हणजे कृष्णेचं पाणी मोजायची, पट्टी म्हणू. पट्टी पूर अडवत नाही. पण पाणी ४० फुटांवर आहे की ४५ वर हे गावाला कळतं, आणि कुणी उठून सामान वर ठेवतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा पट्टीला कुणी दोष दिला नाही.

चौथा_बाक
@गावभाग, उपमा झकास. फक्त इथं पट्टी रंगवणारा आणि पूर आणणारा एकच आहे. एसएआर कॉलेज स्वतःच लिहितं ना?

गावभाग
लिहितं कॉलेज, पण तपासायला बाहेरचे येतात की. बाहेरच्या राज्यातले प्राध्यापक असतात बहुधा.

अजिंक्यतारा_४५
बाहेरचे आले म्हणून काय झालं? २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांना सीबीआयनं लाचेच्या प्रकरणात अटक केली, आंध्रातल्या एका संस्थेला चांगली श्रेणी देण्यावरून. पेपरात आलं होतं सगळं. आता बोला पट्टीवर.

निवृत्त_मास्तर
ते प्रकरण नॅकचं होतं, एनबीएचं नाही, एवढी दुरुस्ती. पण माणसं आमच्यातूनच दोन्हीकडं जातात, तेव्हा मी छाती ठोकून काही सांगणार नाही.

संपादक_मंडळ
कुठल्याही संस्थेचं नाव घेऊन पुराव्याविना आरोप नकोत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

चौथा_बाक
उडवलेल्यातला एक माझा होता. नाव नव्हतं हो घेतलं, फक्त "ज्यांच्या गेटवर हत्ती आहेत" एवढंच लिहिलं होतं.

हळदीघाट
आता सगळ्यांना कळलं 😂

मेलबर्नकर
मूळचा कराडचा, आता ऑस्ट्रेलियात. उशिरा पाहिला धागा. परदेशाचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो.

१९८९ साली सहा देशांनी (ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, न्यूझीलंड, ब्रिटन, अमेरिका) वॉशिंग्टन अॅकॉर्ड केला. एकमेकांच्या तपासणीवर विश्वास ठेवायचा, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या संस्थेनं ज्या इंजिनिअरिंग पदवीला मानांकन दिलं ती आम्ही आमच्या पदवीच्या तोडीची धरू. भारताच्या एनबीएला २००७ मध्ये तात्पुरतं आणि जून २०१४ मध्ये कायमचं सदस्यत्व मिळालं.

मी पास झालो २०११ ला. इथं येण्यासाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडून पदवी तपासून घ्यावी लागते. माझी पदवी अॅकॉर्डमध्ये बसत नव्हती, म्हणून सीडीआर, म्हणजे आपली क्षमता दाखवणारा अहवाल, लिहावा लागला. तीन करिअर एपिसोड, प्रत्येक परिच्छेदाला नंबर, मग समरी स्टेटमेंटमध्ये कुठल्या नंबरात कुठली क्षमता दिसते ते दाखवायचं. चार महिने रोज रात्री तेच. धाकटी चुलत बहीण २०१८ ला पास झाली, तिची ब्रँच अॅकॉर्डमध्ये बसणारी. तिनं कागद अपलोड केले आणि मोकळी झाली. मी अजून तिच्याशी नीट बोलत नाही.

पण थांबा, यात मेख आहे. एनबीएचे दोन प्रकार असतात, टियर-१ आणि टियर-२. विद्यापीठांचे विभाग, आयआयटी-एनआयटी आणि स्वायत्त कॉलेजं टियर-१ मध्ये. विद्यापीठाला संलग्न साधी कॉलेजं टियर-२ मध्ये. अॅकॉर्डचा फायदा फक्त टियर-१ ला. त्यामुळं "आमची डिग्री जगात चालते" असं कुणी सांगितलं तर आधी हे विचारा. आणि चालते म्हणजे नोकरी मिळते असं नाही. एमएसला प्रवेश, व्हिसा, लायसन्स हे सगळं वेगळं वेगळं आहे.

मिरजवाला
मेलबर्नकर साहेब, आमची पोर अजून कोल्हापूरला एकटी जायला तयार नाही, ऑस्ट्रेलिया लांब राहिलं. पण टियरचं माहीत नव्हतं. ३५ किलोमीटरवालं संलग्न आहे, म्हणजे टियर-२ धरायचं. बरोबर?

मेलबर्नकर
बरोबर. आणि काका, बारावीला असताना मी पण साताऱ्याला एकटा जात नव्हतो.

खणआळी
साताऱ्याला यायला काय झालं होतं तुम्हाला? कंदी पेढे खायला तरी यायचं.

मेलबर्नकर
कमिटीला कंदी पेढे देणारं कॉलेज आणि भडंग देणारं कॉलेज, यात कुणाला जास्त गुण मिळतात यावर संशोधन व्हायला हवं.

चौथा_बाक
भडंग. पेढा खाऊन माणूस गप्प बसतो, भडंग खाऊन पाणी मागतो, मग पाण्याच्या सोयीचे पण गुण मिळतात.

रात्रपाळी
टियरचा विषय निघालाच आहे तर मनातलं सांगते. टियर-२ मध्ये आमची सगळ्यात मोठी गंमत अशी की अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा, आणि "आउटकम साधले नाहीत तर अभ्यासक्रमात काय सुधारणा केली?" हा प्रश्न आम्हाला. आम्ही काय सुधारणार? विद्यापीठाला पत्र लिहितो. त्या पत्राची पोच फाइलला लावतो. झाली सुधारणा.

निवृत्त_मास्तर
@रात्रपाळी, तुमचं सगळं मान्य, तरी एक अनुभव सांगू द्या, कारण धाग्यावर नुसती चेष्टा चाललीय आणि ती पूर्ण खरी नाही.

पहिल्या फेरीला आम्ही तुमच्यासारखंच सगळं मागच्या तारखेनं केलं. दुसऱ्या फेरीच्या आधी एका तरुण सहकाऱ्यानं हट्ट धरला की निदान एका विषयाचं खरं करू. विषय स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स. प्रश्नवार गुण खरेखुरे भरले. शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आउटकमचं अटेनमेंट ३ पैकी १ च्या आसपास. आम्ही वर्षानुवर्षं म्हणत होतो, पोरं अभ्यास करत नाहीत. त्या तरुण सहकाऱ्यानं उत्तरपत्रिका काढून बसून बघितल्या. पोरांना तुळईचं गणित कळत होतं. समान पसरलेला भार आला की अडत होती. म्हणजे इंटिग्रेशन. पहिल्या वर्षाचं गणित वेगळ्या इमारतीत, वेगळ्या मास्तरांकडं. आम्ही त्यांच्याशी पाच वर्षांत एकदा बोललो असू, तेही सहलीच्या वर्गणीबद्दल.

अभ्यासक्रम बदलता येत नव्हता, खरंय. पण सेमिस्टरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सहा तास जादा घेतले, गणिताच्या मॅडमना बोलावून. पुढच्या वर्षी आकडा दोनच्या वर गेला. त्या एक्सेलचा तेवढाच उपयोग, पण माझ्या ३१ वर्षांत दुसऱ्या कशानं हे दाखवलं नव्हतं.

आता गुणांची गोष्ट. आम्ही गेलो तेव्हाच्या, म्हणजे २०१५ च्या नमुन्यात टियर-२ ला दहा निकष आणि १००० गुण होते. ७५० च्या वर आणि बाकीच्या अटी पुऱ्या झाल्या तर सहा वर्षं, ६०० च्या वर तीन वर्षं. सगळ्यात जास्त २०० गुण शिक्षकांना : किती आहेत, किती शिकलेले, किती टिकून आहेत. व्हिजन-मिशनला ६०. प्रयोगशाळा आणि सोयींना ८०.

कुपवाडचा_लेथ
व्हिजनला ६० आणि लॅबला ८०?? भिंतीवरची पाटी आणि लेथ मशीन यात फक्त २० गुणांचा फरक?

चौथा_बाक
पाटी स्वस्त पडते ना दादा.

मिरजवाला
आणि प्लेसमेंटला किती?

निवृत्त_मास्तर
विद्यार्थ्यांच्या कामगिरीचे १५०, त्यात प्लेसमेंट, उच्च शिक्षण, उद्योजकता मिळून ४०.

मिरजवाला
हजारात चाळीस! आमच्याकडं पालक दुसरं काही विचारतच नाहीत.

यवतेश्वर
मला यात गैर वाटत नाही. कॉलेज म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज नव्हे. मंदी आली, कंपन्या आल्या नाहीत, म्हणून शिकवणं वाईट झालं का?

अजिंक्यतारा_४५
@यवतेश्वर, फी भरताना हे वाक्य म्हणून बघा.

यवतेश्वर
दोन मुलांची भरलीय साहेब. म्हणूनच बोलतोय.

तिसऱ्या_वर्षात
मी सध्या शिकतोय, इलेक्ट्रिकललाच, सातारा जिल्ह्यात. आमच्या ब्रँचला गेल्या वर्षी कमिटी आली होती. खरं सांगू का, पोरांना झालेला फायदा कुणी लिहिलाच नाही.

एक, त्या वर्षी तीन नवीन सर आले. शिक्षकांचं प्रमाण जुळवायला घेतले असं सगळे म्हणत होते. कमिटी गेल्यावर एक सोडून गेले, दोन टिकले. त्यातले एक पॉवर इलेक्ट्रॉनिक्स असं शिकवतात की दुसऱ्या डिव्हिजनची पोरं येऊन बसतात. दोन, बंद पडलेले ऑसिलोस्कोप दुरुस्त झाले. तीन, ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं राहायला लागलं आणि कमिटी गेल्यावर बंद करायचं विसरले. अजून उघडं आहे. कृपया कुणी सांगू नका.

हळदीघाट
"बंद करायचं विसरले" 😂 हा या धाग्याचा सर्वोत्तम प्रतिसाद.

रात्रपाळी
@तिसऱ्या_वर्षात, तू म्हणतोस तसे "प्रमाण जुळवायला" आलेल्यांपैकी मीही एक. टिकायचा विचार आहे. पगार वेळेत झाला तर.

गावभाग
अवांतर : २०१९ च्या महापुरानंतर आमच्या ओळखीच्या एका विभागात सगळ्या कोर्स फाइली भिजल्या, असं कमिटीला सांगितलं होतं म्हणे. विभाग दुसऱ्या मजल्यावर होता.

अजिंक्यतारा_४५
पाणी ५७ फूट होतं ना, तुम्हीच म्हणालात. पोचलं असेल.

खणआळी
विषयावर या मंडळी. मिरजवाल्यांचे चार दिवस संपत आले.

निवृत्त_मास्तर
मिरजवाले, माझ्या मते मानांकन म्हणजे गाळणी समजा, क्रमांक नव्हे. जुनी ब्रँच, दहा-पंधरा वर्षं चाललेली, आणि तरीही कधी मानांकन घेतलं नाही किंवा टिकवलं नाही, तर तिथं का असं विचारायलाच हवं. बहुतेक वेळा उत्तर शिक्षकांच्या संख्येत सापडतं. मानांकन आहे, तर निदान कुणीतरी बाहेरचा माणूस तीन दिवस आत फिरून गेलाय एवढं नक्की. त्यापुढचं तुम्ही स्वतः जाऊन बघा. मंगळवारी-बुधवारी जा, न सांगता. लॅबमध्ये जा. ऑफिसात बसवून चहा पाजतील तर पिऊ नका.

आणि फीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. २०२४-२५ पासून मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशांत, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी यांपैकी असाल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. दाखले आत्ताच काढून ठेवा.

तिसऱ्या_वर्षात
काका, मास्तरांच्या म्हणण्यात एक भर. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना कॅन्टीनला गाठा आणि एवढंच विचारा : "मागच्या सेमिस्टरला किती प्रॅक्टिकल खरंच झाली?" जर्नल किती लिहिली ते नाही, झाली किती ते.

कुपवाडचा_लेथ
हा प्रश्न मी इंटरव्ह्यूला चोरणार आहे.

मिरजवाला
मंडळी, आज दुकान बंद ठेवून पोरीला घेऊन दोन्हीकडं जाऊन आलो. मंगळवारच होता, मास्तर.

आधी काचेच्या बिल्डिंगकडं गेलो. माणसं चांगली, आदरानं बोलली, कॉम्प्युटर लॅब थंडगार. एआयच्या सरांनी पोरीला अर्धा तास दिला, हुशार माणूस वाटला. ब्रँचला कायमचे शिक्षक किती विचारलं, तर म्हणाले भरती चालू आहे. कॅन्टीनला दुसऱ्या वर्षाची दोन पोरं भेटली, तीही नाराज नव्हती. तेव्हा वाईट आहे असं मी म्हणणार नाही.

मग ३५ किलोमीटर. तिथं गेटवर कुणी विचारलं नाही, सरळ आत गेलो. व्हिजन-मिशनची पाटी आहे, ऊन लागून अक्षरं पुसट झालीत. इलेक्ट्रिकल मशीन्स लॅबमध्ये प्रॅक्टिकल चालू होतं. मॅडमनी बाजूला उभं राहू दिलं. पोरगी पोरींच्या घोळक्यात जाऊन मीटर बघायला लागली. मी आपला मोटारींकडं. एक पाच एचपीची थ्री फेज इंडक्शन मोटार होती, टर्मिनल बॉक्सचं झाकण काढून ठेवलेलं. आत बघितलं तर लीडच्या वायरी नव्या, स्लीव्ह नवी, दोरीची बांधणी हातची. कंपनीची नाही. रिवाइंड केलेली होती. शेजारची पण. मी लॅब असिस्टंटला विचारलं, तर तो म्हणाला, "काय करणार, पोरं सिंगल फेजिंग होऊ देतात, तीनातला एक फेज गेला तरी मोटार चालूच ठेवतात, वर्षाला एक तरी जाळतात."

मी त्याला सांगितलं, पुढच्या वेळी माझ्याकडं पाठवा, दरात सवलत देतो.

बाहेर आल्यावर पोरीला म्हटलं, जळलीय म्हणजे चालवलीय. शोभेची मोटार जळत नाही. तिला आधीच इलेक्ट्रिकल पाहिजे होतं, आम्हाला घाबरून एआय म्हणत होती, हे परतीच्या गाडीत कळलं.

रात्री फॉर्म भरला. इलेक्ट्रिकल पहिल्या नंबरला. एनबीएच्या यादीतली मुदत पण बघितली, ती तिची डिग्री व्हायच्या आधीच संपतेय. पुन्हा घेतील का ते तेव्हाचं तेव्हा.

कुपवाडचा_लेथ
जळकी मोटार हा अकरावा निकष. मास्तर, कळवा एनबीएला.

निवृत्त_मास्तर
त्याला २०० गुण द्यायला हवेत.

रात्रपाळी
मिरजवाले काका, त्या कॉलेजचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवाल का? मुलीसाठी नाही. मला अर्ज करायचाय.

चौथा_बाक
माझा मेव्हण्याला दिलेला भडंग परत मागतोय.

मिरजवाला
@रात्रपाळी ताई, निरोप केलाय. @चौथा_बाक, मेव्हण्यानं खाल्ला. आता एकच राहिलं : मिरजेहून तिकडं सकाळी साडेसातच्या सुमाराला थेट एसटी आहे का, की सांगलीत बदलावी लागेल? कुणाला माहीत आहे?